ज्या दुपारी मी वाजलो नाही

मी एक जुना नगारा आहे, मित्रांनो, आणि जुनेपणाचा पुरावा हवा असेल तर माझ्या पोटावरून हात फिरवून बघा. तांब्याला इतके पोचे पडलेत की दुसरा एखादा नगारा लाजेने कोपऱ्यात तोंड लपवून बसला असता. मला मात्र प्रत्येक पोच्याचा अभिमान वाटतो. गीरच्या डोंगरांच्या पायथ्याशी, वेळाधार गावात, पूंजा भगतांच्या सदाव्रतात, म्हणजे येईल त्याला जेवू घालणाऱ्या अन्नछत्रात, माझा मुक्काम आहे. लोक लांबून येतात, मला हार घालतात आणि माझी गोष्ट एकमेकांना सांगतात. गोष्ट ऐकायला फार छान आहे. फक्त ती खरी नाही. खरं काय घडलं ते सांगणारं आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही, म्हणून मीच बोलायचं ठरवलंय.

माझा जन्म शिहोरच्या कंसाऱ्यांच्या, म्हणजे तांबटांच्या, आळीतला. एका म्हाताऱ्या कंसाऱ्याने तांब्याचा पत्रा ठोकून ठोकून माझं पोट घडवलं. चांभाराने म्हशीचं ओलं कातडं माझ्या तोंडावर ताणलं, चामड्याच्या वाद्यांनी करकचून आवळलं आणि मला उन्हात ठेवून दिलं. वाळताना अंग इतकं दुखलं की सांगता सोय नाही. मग कंसाऱ्याने दांडकं उचललं आणि पहिला टोला दिला. आळीतली सगळी कबुतरं एकदम उडाली. म्हातारा हसला आणि म्हणाला, "हा बोलतो रे!" नगाऱ्याला याहून मोठा आशीर्वाद मिळत नाही.

मला विकत घेतलं एका काठी दरबाराने. काठी म्हणजे तिकडचे घोडेस्वार, तालेवार आणि तापट; त्यांच्या सरदाराला दरबार म्हणतात. दरबाराला मी देवळात वाजवायला नको होतो, धाडीवर जायला हवा होतो. मला उंटावर बांधायचे आणि गावाच्या शिवेवर आलं की बडवायला लागायचे. माझा आवाज ऐकला की गावंच्या गावं दारं लावून घ्यायची. बायका पोरांना कोठारात लपवायच्या. मी तरुण होतो आणि अक्कल कमी होती. लोक आपल्याला घाबरतात याचा मला भारी गर्व वाटायचा.

एकदा धाडीवरून परतताना दरबार वेळाधारला थांबला. माणसं भुकेली होती, घोडे फेसाळले होते. पूंजा भगत म्हणजे साधा अहीर माणूस, चार म्हशी आणि थोडं शेत असलेला. पण त्यांच्या दारातून कुणी उपाशी जात नसे. त्यांनी ना नाव विचारलं, ना कुठून आलात ते विचारलं. आधी घोड्यांना वैरण घातली, मग माणसांना बाजरीचे रोटले आणि ताक वाढलं. दरबार जेवला, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "भगत, मागा काय मागायचं ते. आज दिलं."

भगतांनी उंटाकडे बोट केलं. "तो नगारा दे."

"नगारा? तुम्ही कुठं धाड घालणार?"

"ज्या आवाजाला लोक पळतात, त्या आवाजाला लोक जेवायला आलेले मला बघायचेत," भगत म्हणाले.

दरबाराने शब्द दिला होता. त्याने स्वतःच्या हाताने वाद्या सोडल्या. मला मात्र फार अपमान झाल्यासारखं वाटलं. लढाईचा नगारा आणि ताकभाकरीची दवंडी पिटणार!

पहिले दिवस तर फजितीचेच होते. दुपारी मी वाजलो की आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर पळापळ व्हायची. जेवायला येणं दूरच, लोक गुरं हाकत रानात पसार व्हायचे. भगतांची थोरली बहीण रूडीमा सगळा स्वयंपाक सांभाळायची. लहानपणी विधवा झालेली, हाताने सढळ आणि जिभेने तिखट. ती रोटल्यांच्या थप्प्यांकडे बघून कपाळावर हात मारायची. "पूंजा, तुझ्या या नगाऱ्यानं भुकेलेला माणूस मैलभर लांब पळवला बघ!" पण भगतांनी धीर सोडला नाही. हळूहळू लोकांना कळलं. आधी एक आंधळा गोसावी आला, मग गुराखी आले, मग दुष्काळाच्या साली तर रांगा लागल्या. ज्या बायका माझ्या आवाजाने पोरांना लपवायच्या, त्याच आता पोरांच्या हातात ताटली देऊन म्हणायच्या, "पळ, नगारा वाजला." मित्रांनो, त्या दिवसांत मला पहिल्यांदा कळलं की आपण कशासाठी घडलो होतो.

आमच्या सदाव्रताचा एक रिवाज होता. देवडीच्या गच्चीवर माझी जागा होती. दुपारची पंगत उठली की जुसब मीर शिडी चढून वर यायचा. मीर लोक पिढ्यान्‌पिढ्या वाजवणारे. जुसब नमाज पढायचा आणि भगतांचे पायही धरायचा, आणि दोन्हीत त्याला कधी अडचण आली नाही. तो मला पुन्हा एकदा वाजवायचा आणि मग गच्चीच्या चारही बाजूंना जाऊन हाळी द्यायचा. आधी उगवतीला, मग दक्षिणेला, मग मावळतीला आणि शेवटी उत्तरेला, डोंगरांकडे. "कुणी उपाशी आहे का? असेल त्यानं यावं!" कुणी आलं तर जुसब खाली उतरून स्वतः त्याला वाढायचा, कारण जो साद घालतो त्यानंच वाढायचं असं ठरलेलं होतं. आणि चारी दिशांनी उत्तर आलं नाही की मगच पूंजा भगत आपलं ताट घ्यायचे. इतक्या वर्षांत एकदाही त्यांनी आधी घास घेतला नाही, तापाने फणफणले असतानासुद्धा नाही.

आता गोष्टीत साहेब येतो.

तेव्हा आमच्या मुलखात गोऱ्या लोकांचा अंमल बसला होता. त्याच सुमारास ओघड धाधल नावाच्या काठीचा गरास, म्हणजे बापजाद्यांची जमीन, शेजारच्या संस्थानाने गिळली. ओघडने अर्ज-विनंत्या केल्या, कुणी दाद दिली नाही. तेव्हा तो बंदूक घेऊन डोंगरात शिरला आणि बंडखोर झाला. त्याने त्या संस्थानाची ठाणी लुटली, गंजी जाळल्या. काही माणसंही त्याच्या हातून मेली, हे लपवण्यात अर्थ नाही. त्याला धरायला टॅलबर्ट साहेब नेमला गेला. साहेब तरुण होता, उन्हाने चेहरा गाजरासारखा झालेला, पाठ ताठ आणि बोलणं सरळ. आपल्याला इकडची भाषा उत्तम येते असा त्याचा समज होता. तो समज मोडण्याची कुणाची छाती झाली नव्हती.

साहेबाच्या कचेरीत छेलशंकर मुनशी होते. नागर ब्राह्मण, कपडे बगळ्यासारखे पांढरे, बोलणं गुळगुळीत. त्यांनी साहेबाच्या कानात घातलं की रोज दुपारी वेळाधारचा नगारा वाजतो, त्यावरून ओघडला कळतं की गावात स्वार नाहीत. मित्रांनो, मी शपथेवर सांगतो, असा कसलाही इशारा मी कधी दिला नाही. ओघड कधी जेवून गेला असेल का? असेल. भगत नाव विचारत नसत, मग मी कोण विचारणारा?

साहेब स्वतः आला. दारात टोपी काढून उभा राहिला आणि हुकूम वाचला, "ओघड पकडला जाईपर्यंत नगारा वाजवायचा नाही. गच्चीवरून हाळी द्यायची नाही. अन्न देण्याला सरकारची हरकत नाही."

रूडीमा फणकारली, "फार उपकार झाले सरकारचे!"

भगतांनी तिला हाताने गप्प केलं. "हुकूम मान्य आहे, बाबा. राज्य तुझं आहे," एवढंच ते म्हणाले.

साहेबाच्या शिपायांनी मला गोणपाटात घालून शिवलं आणि गाठीवर लाखेची मोहोर लावली. माझं सगळं आयुष्य उघड्यावर गेलेलं. त्या गोणपाटात मला कोंडलेल्या कोंबडीसारखं वाटलं. जुसब शिपाई गेल्यावर वर आला आणि माझ्याशेजारी बसला. मग मला थोपटून म्हणाला, "घाबरू नकोस. मी आहे." खरं तर तोच जास्त घाबरला होता.

सदाव्रत चालू राहिलं. येणारे जेवत होते. पण दुपारी पंगत उठली की रूडीमा भगतांचं ताट वाढायची आणि ते तसंच राहायचं. भगत पाणी प्यायचे आणि जप करत बसायचे. पहिल्या दिवशी रूडीमाला वाटलं पोट बिघडलं असेल. पुढे तिच्या लक्षात आलं आणि ती भावाशी भांडायला लागली.

"सरकारवर रुसून तू मरणार का रे?"

"रुसलो नाही गं, ताई. पण विचारल्याशिवाय घास कसा घेऊ? कुणी तिथं बाहेर उपाशी बसला असेल तर?"

"मग मी दारात उभी राहून विचारते."

"हाळी द्यायची नाही असा हुकूम आहे. हुकूम मोडायचा नाही," भगत म्हणाले.

तिने आदळआपट केली, रडली, शपथा घातल्या. काही उपयोग झाला नाही. भगत आता खाटेवरून उठेनात. ही बातमी रानोमाळ झाली. गावागावांतून माणसं येऊन अंगणात बसू लागली. कुणी घोषणा दिल्या नाहीत, कुणी आरडाओरडा केला नाही. नुसते बसायचे आणि खाटेकडे बघायचे. गोणपाटातून मला त्यांचा श्वास तेवढा ऐकू यायचा. सगळ्यांच्या मनात एकच होतं, भगत आता किती दिवस काढणार?

शेवटी साहेबाच्या कानावर गेलं आणि तो स्वारांची तुकडी घेऊन आला. मुनशी बरोबर होतेच, आणि वाटेत भूक लागल्यामुळे ते आल्या आल्या पंगतीला बसून जेवलेही होते. साहेब थेट खाटेपाशी गेला.

"भगत, तुम्ही जेवण का घेत नाही? सरकारवर राग धरला आहे?"

"राग?" भगतांना हसू आलं. आवाज अगदी पातळ झाला होता. "अरे बाबा, राग धरायला पोटात काहीतरी असावं लागतं."

"मग जेवा."

"रोज जेवायच्या आधी मी विचारतो, कुणी उपाशी आहे का. उत्तर आलं नाही की घास घेतो. आता विचारायचीच बंदी. मग मला कळावं कसं?"

मुनशींनी पुढे होऊन सांगितलं, "साहेब, हा निव्वळ हट्ट आहे. कायद्यात याला धरणं म्हणतात. गुन्हा होतो."

रूडीमा चुलीपाशी होती, ती तिथूनच कडाडली, "ए छेलशंकर! आत्ता दोन रोटले रिचवलेस आणि वर गूळ मागून घेतलास. ढेकर तरी कायद्यातला दे!"

अंगणात हसू पसरलं आणि लगेच विरलं. साहेब मात्र हसला नाही. तो भगतांच्या मनगटाकडे बघत होता, असं जुसबने मला नंतर सांगितलं; त्या दिवशी डोळ्यांना दिसलेलं सगळं मी त्याच्याकडूनच ऐकलंय. मनगट पोराच्या मनगटाएवढं झालं होतं. साहेबाची कोंडी झाली होती, मित्रांनो. हुकूम मागे घ्यावा तर एवढ्या लोकांदेखत सरकारची अब्रू जाते आणि वरचे साहेब फाडून खातात. न घ्यावा तर समोरचा म्हातारा जातो. आणि म्हातारा भांडतही नव्हता. भांडला असता तर साहेबाला सोपं गेलं असतं.

"दुसऱ्या कुणी विचारलं तर चालेल?" साहेबाने हळूच विचारलं.

"सगळ्यांना बंदी आहे," भगत म्हणाले. "पण हुकूम तुझा आहे. तो तुला कसा लागू होईल? तूच विचार."

"साहेब, शोभणार नाही!" मुनशी घाबरून पुटपुटले.

साहेबाने टोपी काढून मुनशींच्या हातात दिली आणि शिडी चढून तो गच्चीवर आला. मला त्याच्या बुटांचा धक्का लागला. त्याने थांबून मला दोन्ही हातांनी नीट बाजूला सारलं, हे मी विसरणार नाही. मग तो उगवतीकडे तोंड करून उभा राहिला आणि कचेरीत फर्मान वाचावं तसा ओरडला, "कोणी उपाशी असल्यास हजर व्हावे!"

खाली लोक तोंडावर पदर आणि फेटे धरून हसले. जुसबला राहवलं नाही. तो शिडीच्या तळाशी येऊन म्हणाला, "साहेब, हुकूम नका देऊ. बोलवा."

साहेबाने मान डोलावली. मग दक्षिणेकडे गेला. या खेपेला आवाज खालच्या पट्टीत आला आणि मध्येच फाटला. मावळतीला तो आणखी सुधारला. उत्तरेला, डोंगरांकडे तोंड करून त्याने साद घातली तेव्हा त्याच्या अंगातला साहेब कुठेतरी गळून पडला होता. एखाद्या घरातल्या कर्त्याने गुरांकडे गेलेल्या भावाला जेवायला हाक मारावी, तसा तो ओरडला.

"कुणी उपाशी आहे का? असेल त्यानं यावं!"

साद डोंगरापर्यंत गेली आणि परत आली. मग सगळं शांत झालं. रूडीमाने भगतांचं ताट पुढे सरकवलं. साहेब शिडीकडे वळला. आणि उत्तरेच्या कोरड्या ओढ्यातून, बाभळींच्या झाडीतून आवाज आला, "आहे. मी आहे उपाशी."

झाडी बाजूला सारून एक उंच माणूस बाहेर आला. खांद्याला बंदूक, कमरेला तलवार, अंगभर धूळ. तो ओघड धाधल होता. अंगणातल्या पोराटोरांनीही त्याला ओळखलं. स्वारांच्या बंदुका वर गेल्या. मुनशी खाटेच्या आडोशाला गेले. ओघडने कुणाकडे पाहिलं नाही. तो सरळ चालत भगतांच्या खाटेपाशी आला आणि गुडघ्यावर बसला.

"आपा ओघड, कशाला आलास रे?" रूडीमाच्या डोळ्यांत पाणी आलं. "ही सगळी तुझ्यासाठीच टपलीत की!"

"नुसतं भगतांना लांबून बघून परत जायचं होतं, मा," ओघड म्हणाला. "माझ्यापायी त्यांनी अन्न सोडलंय हे कळल्यावर मलाही घास गिळवेना. झाडीत बसलो होतो. आणि साद आली. आता पोट रिकामं असताना मी गप्प बसलो असतो, तर भगत जेवले असते. कुणी उपाशी नाही असं समजून जेवले असते. सगळ्या जन्माचा त्यांचा नेम माझ्या गप्प बसण्यानं खोटा झाला असता. लुटीची पापं मी उचलली, हे मला नाही उचलवत."

मित्रांनो, डोक्यावर इनाम लागलेला माणूस, समोर भरल्या बंदुका, आणि तो बाहेर कशासाठी आला, तर एका म्हाताऱ्याचं जेवण खोटं होऊ नये म्हणून! मी धाडी पाहिल्या, मोठे मोठे शूर पाहिले. पण एवढी छाती मी पुन्हा कुणाची पाहिली नाही.

जमादाराने विचारलं, "साहेब, हुकूम?"

साहेब अजून शिडीवरच होता. तो खाली उतरला. सगळ्यांचा जीव मुठीत होता. एवढ्या महिन्यांची वणवण, वरिष्ठांची बोलणी, सगळं त्या एका शब्दाने फळाला येणार होतं. पण साहेबाने तोंड उघडायच्या आत रूडीमाने रोटल्यांची टोपली उचलली आणि त्याच्या हातात कोंबली.

"जो साद घालतो तो वाढतो. इथला रिवाज आहे. तू बोलावलंस, तुझा पाहुणा. घे, वाढ."

साहेबाने टोपलीकडे पाहिलं, ओघडकडे पाहिलं. मग जमादाराला म्हणाला, "बंदुका खाली. माणूस जेवायला बसला आहे."

आणि त्याने वाढलं. पानावर रोटला ठेवायला त्याला वाकता येईना, इतके त्याचे कपडे घट्ट. शेवटी त्याने एक गुडघा जमिनीवर टेकला आणि वाढू लागला. रूडीमा मागे उभी राहून सूनबाईला शिकवावं तशी शिकवत होती. "एक काय घालतोस, दोन घाल. गूळ फोडून दे. ताक बेतानं ओत रे, त्याच्या पायावर सांडशील!" ओघड सावकाश जेवला. साहेबाने विचारलं, "अजून?" ओघड म्हणाला, "अजून एक." आणि मग, साहेबाने चौथा रोटला वाढल्यावर, ओघडने हात धुतले. तेव्हा कुठे रूडीमाने ताकात कुस्करलेला रोटला भगतांच्या तोंडाशी नेला आणि भगतांनी पहिला घास घेतला. अंगणातला एक म्हातारा हमसून हमसून रडायला लागला. पाठोपाठ सगळेच रडले. जुसब तर लहान पोरासारखा रडला.

साहेब ओघडला म्हणाला, "तू जेवायला आला होतास. जेवलास. आज सूर्य मावळेपर्यंत तुला कोणी हात लावणार नाही. उद्यापासून मी तुला पुन्हा शोधीन."

ओघडने मान हलवली. बंदूक आणि तलवार काढून त्याने साहेबाच्या पायापाशी ठेवली. "नको, साहेब. तुझ्या हातचं खाल्लं. आता तू समोर आलास तर माझी बंदूक उठायची नाही. न उठणारी बंदूक घेऊन डोंगरात काय करू?"

साहेबाने त्याचे हात बांधू दिले नाहीत. दोघं दोन घोड्यांवर शेजारी शेजारी बसून गेले. निघायच्या आधी साहेब पुन्हा वर आला आणि खिशातल्या चाकूने माझ्यावरची मोहोर कापली. ओघड सापडेपर्यंतच बंदी होती, त्यामुळे हुकूम मोडला असंही झालं नाही. पुढे खटला चालला तेव्हा साहेबाने उभं राहून सांगितलं की या माणसाला मी पकडलेलं नाही, तो माझ्या बोलावण्यावरून आला. त्याच्या गरासावर अन्याय झाला हेही त्याने स्पष्ट सांगितलं. वरिष्ठांनी साहेबाला बरंच सुनावलं म्हणे, आणि पुढे त्याची बदली लांब कुठेतरी झाली. पण ओघडचा फास टळला. बरीच वर्षं तुरुंगात काढून तो पांढरी दाढी घेऊन परत आला आणि गरासातला जो तुकडा त्याला परत मिळाला होता, त्यावरची बाजरी मरेपर्यंत सदाव्रतात आणून टाकत राहिला.

खरी गोष्ट एवढीच आहे. आता तुम्ही विचाराल, मग नगाऱ्याचं काय? तेच तर म्हणतोय. त्या दुपारी मी वाजलोच नाही. खरं सांगायचं तर मला तेव्हा वाईटही वाटलं होतं. आयुष्यभर वाजलो आणि ऐन मोठ्या दिवशी गोणपाटात! पण लोकांना माझ्यावाचून करमेना. भगत गेले, रूडीमा गेली. जुसब म्हातारा झाला आणि कुणीतरी त्याला विचारलं, "तेव्हा नगारा काय करत होता?" जुसबचा माझ्यावर जीव. माझं काहीच नाव नाही हे त्याला बघवेना. तो म्हणाला, "आतल्या आत जरासा घुमला होता." झालं! त्याच्या मुलाने सांगताना मी गोणपाटातून वाजलो. नातवाने सांगताना माझ्या गडगडाटाने मोहोर फुटली आणि साहेब घोड्यावरून पडला. आता तर भिंतीवर रंगवलेलं मोठं चित्र आहे. त्यात मी हवेत तरंगतोय, माझ्याभोवती तेजाचं वलय आहे आणि साहेब एक गुडघा टेकून मला नमस्कार करतोय. बिचाऱ्याने गुडघा टेकला होता तो रोटला वाढायला.

आज मी काचेच्या पेटीत आहे. गच्चीवर विजेवर चालणारं यंत्र बसवलंय. बटण दाबलं की त्याचे दोन लहान हातोडे आपले आपण वाजतात, घंटाही वाजते, माणूस लागत नाही. जेवणाच्या वेळा पाटीवर लिहिल्या आहेत. चारी दिशांना जाऊन आता कुणी विचारत नाही. पाटी वाचता न येणारा, फाटक्या कपड्यांमुळे आत यायला लाजणारा एखादा माणूस फाटकाबाहेर उभा असतो आणि वेळ संपल्यावर निघून जातो. पेटीतून मला तो दिसतो. माझं कातडं सुकून चिरलंय. वर्षातून एकदा कुणी तेल लावलं, थोडं ऊन दाखवलं, तर बरं वाटेल. जुन्या वस्तूंची एवढी काळजी जरूर घ्या. पण माझी खरी विनवणी वेगळी आहे.

मित्रांनो, मला चमत्कारी म्हणू नका. नगारा आपोआप वाजला असं म्हटलं की तुमचं काम संपतं. एक हार घातला, फोटो काढला आणि घरी गेलात. पण त्या दुपारी नगारा वाजला नव्हता. परमुलखातून आलेला, भाषा धड न येणारा एक माणूस गच्चीवर चढला आणि त्याने विचारलं. त्याच्याजवळ काही दैवी शक्ती नव्हती. एक गळा होता.

तो तर तुम्हालाही आहे.